लांब शिडीचे पाय

५ फेब्रुवारी

प्रिय सोंगटी,

चार फोटो पाठवले आहेत. ते आपल्याला केवढ्याला पडले ते आधी ऐकून घे, म्हणजे जपून वापरशील. तुझ्या मामीची पांढरी चादर, जी आता चादर राहिलेली नाही, कारण तिच्यावर शिड्यांचे आणि सुतारांचे मिळून बरेच पाय उमटलेत. कारखान्याचा एक अख्खा दिवस. आणि फोटोवाल्याची जुनी दोस्ती. लांब शिडी त्याच्या चौकटीत मावेना, म्हणून तो मागे मागे सरकत गेला आणि रंगाच्या डब्यात बसला. मी हसलो. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

(नुसते हसले नाहीत. वर म्हणाले, "काळजी करू नकोस, रंग पक्का आहे." — मामी)

पत्र मी सांगतो आणि तुझी मामी टाइप करते, त्यामुळे मधे मधे असे कंस येतील. तिकडे लक्ष देऊ नकोस.

आता कामाचं. त्या मोठ्या दुकानवाल्यांनी आपल्या शिड्या घेतल्या. शहरातल्या त्यांच्या प्रत्येक दुकानात आत शिरल्या शिरल्या एक पडदा लावलेला असतो, त्यावर त्यांची वेबसाइट चालू असते आणि माल पुरवणाऱ्या प्रत्येकाला एक पान मिळतं. आपलं पान तू करायचंस. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलंस ना, मग पहिलं गिऱ्हाईक मामा. पान चांगलं झालं तर बाकीच्या मालवाल्यांची पानंही तुलाच देऊ, असं त्यांचा साहेब म्हणाला. मी लगेच म्हटलं, पोरगी हुशार आहे, माझ्यावर गेली आहे.

(तिच्या आईवर गेली आहे.)

पानाच्या वरच्या बाजूला आपलं वाक्य ठळक हवं: आमच्या शिडीवरून आजवर एकही माणूस पडलेला नाही. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून ते कारखान्याच्या पाटीवर आहे. तुझ्या आईच्या घराजवळच त्यांचं एक दुकान आहे. अक्का मुद्दाम जाऊन बघेल आणि मला नावं ठेवेल, तेव्हा जरा मन लावून कर.

तुझा मामा


८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोटो मिळाले. चादरीबद्दल मामीची मी माफी मागते.

एक अडचण आहे, ती नीट सांगते. पानाची उंची ठरलेली आहे. ती साहेबांनी ठरवली आहे, माझ्या हातात नाही. फोनवर पान बोटाने वर सरकवून खालचं बघता येतं. दुकानातल्या पडद्यावर तसं नाही, दिसतं तेवढंच पान. त्यात वर तुमचं वाक्य, तळाला नावं आणि किमती, आणि मधे जे उरेल त्यात चित्रांचे चार खण, एका रांगेत, एकाच उंचीचे. तुमच्या फोटोंच्या उंच्या मात्र चार तऱ्हेच्या. स्टूल बुटकं आणि रुंद. घडीची शिडी आणि माळ्याची शिडी मधल्या. आणि लांब शिडी म्हणजे उभी काडी.

तर मला तीन गोष्टी करता येतात. फोटो अख्खा ठेवून लहान करायचा. मग सगळं दिसतं, पण लांब शिडी खणाच्या मधोमध बारीकशी उभी राहते आणि दोन्ही बाजूंना पांढरं उरतं. किंवा खण पूर्ण भरेपर्यंत फोटो मोठा करायचा आणि वर-खाली जे बाहेर जाईल ते कापायचं. किंवा ताणून बसवायचा, पण मग शिडी लग्नातल्या जुन्या फोटोतल्या काकांसारखी आडवी सुटते.

माझ्या मते पहिलंच बरं. आणि तुमचं वाक्य अर्ध्या आकाराचं केलंत तर खणांना उंची मिळेल, लांब शिडीही जरा मोठी दिसेल. करू का?

तुमची सोंगटी


१० फेब्रुवारी

प्रिय सोंगटी,

नाही.

(एवढंच सांगून उठले होते. मी खाली बसवलं.)

पांढरं म्हणजे रिकामी फळी. रिकामी फळी बघून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. मी दुकान मांडलं तेव्हा विकायला माझ्याकडे मोजून तीन शिड्या होत्या. त्या मी दारात अशा तिरक्या लावायचो की आत यायचं तर अंग चोरून यावं लागे. लोक म्हणायचे, अबब, केवढा माल! पोटाला चिमटा काढून मी हे शिकलोय. चारही खण काठोकाठ भरले पाहिजेत. कसे ते तू बघ, शिकलीस कशाला?

आणि वाक्य केसभरही कमी व्हायचं नाही. त्या वाक्याच्या जिवावर शिड्या विकल्या जातात, फोटोंच्या जिवावर नाही.

दुसरं म्हणजे तू फोन का करत नाहीस? दरवेळी लिहूनच पाठवतेस. मला कारण माहीत आहे. दांड्यावर टिचकी मारली की लाकूड आतून भरीव आहे की पोखरलेलं, ते मला ऐकू येतं. माणसाचं "हो" पण तसंच ऐकू येतं. अक्काला कानात यंत्र घातल्याशिवाय ढोल ऐकू येत नाही, आणि माझे कान हे असे. एकाच घरातली माणसं!

मामा


१६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

बसलं. चारही खण भरलेत, पांढरं कुठेही नाही, वाक्य तुमच्या मनासारखं आहे. सोबत पानाचं चित्र जोडलंय, माझ्या फोनवर दिसतं तसं. साहेबांना आज दिलं. एकदा पान चढलं की मार्च संपेपर्यंत त्यांच्याकडे बदल करत नाहीत.

सोंगटी


१८ फेब्रुवारी

प्रिय सोंगटी,

वा! याला म्हणतात पान. लांब शिडी कशी ऐटीत उभी आहे, डोक्यापासून पायापर्यंत. मग पहिल्यांदा का गं एवढं रडगाणं गायलंस?

पण तुझं पत्र फार छोटं. आणि "माझ्या फोनवर दिसतं तसं" असं का लिहिलंस? पडद्यावर निराळं दिसतं की काय?

(मी म्हटलं, पोरीला उगाच शंका विचारू नका. दिवसरात्र राबली असेल.)

बरं, नाही विचारत. इकडची गंमत ऐक. तुझ्या पानासारखीच त्यांच्या दुकानातली फळीही ठरलेल्या उंचीची. लांब शिडी दोन तुकड्यांत जाते, गिऱ्हाइकाने घरी जोडायची. पण शिडी घसरू नये म्हणून खालच्या तुकड्याला रबरी बूट चढवले की तो फळीत मावेना, जेमतेम दोन बोटं जास्त होत होता. साहेब तोंड वाकडं करायला लागला. मी म्हटलं, एवढंच ना! बूट काढले, पुडीत घातले, पुडी पायरीला बांधली. फळीत शिडी अशी बसली की विचारू नकोस. गिऱ्हाईक घरी नेऊन बूट चढवेल. डोकं चालवलं की सगळं मावतं.

मामा


२० फेब्रुवारी

प्रिय मामा,

त्या पुडीवर काही लिहिलंय का? बूट कुठे चढवायचे, न चढवता उभी केली तर काय होतं, असं काही? नसेल तर लिहायला हवं. मी चिठ्ठी तयार करून पाठवते, तुम्ही फक्त चिकटवा. दोन दिवसांचं काम आहे. मामा, खरंच करा.

सोंगटी


२२ फेब्रुवारी

सोंगटे,

बूट पायात घालतात. हे ज्याला लिहून सांगावं लागतं त्याने शिडी विकत घेऊ नये, जमिनीवरच राहावं. शिवाय पानावर चित्र आहे की, बुटांसकट पाय ढळढळीत दिसतात. माल निघालासुद्धा.

(चिठ्ठी पाठव तू. मी सांगून बघते. पण कारखान्यात माझं कोण ऐकतं?)

मामा


९ मार्च

प्रिय सोंगटी,

आज पत्र मीच टाइप करतोय, म्हणून चुका असतील. तुझी मामी बाजारात गेली आहे आणि हे तिने ऐकू नये.

सकाळी आपला नेहमीचा रंगारी आला. दुसरा कुणी असता तर ओरडत आला असता. हा गप्प आला आणि बाकावर बसून पाणी मागितलं. म्हणाला, "मालक, तुमच्या शिडीने आज माझ्या बायकोचं कुंकू पुसलं असतं." एका घरी रंगाचं काम काढलं होतं, त्या घरच्यांनी आपली लांब शिडी नवीच आणली होती. हा वर चढला आणि शिडी खालून सुटली. गुळगुळीत फरशी. याने खिडकीचे गज धरले आणि लोंबकळत राहिला. खाली बघतो तर शिडीच्या पायांना बूट नाहीत. बूट वरच्या टोकांना! घरमालक म्हणतो, "भिंतीचा रंग खरवडू नये म्हणून ते रबर असतं ना? आम्ही दुकानातलं चित्र बघूनच घेतली."

दांडे वर-खाली सारखेच आहेत, बूट कुठल्याही टोकाला बसतात, हे खरं. पण चित्रात पाय आहेत ना? मग हे शहाणे काय बघून आले?

पडला नाही. आपलं वाक्य अजून खरं आहे. पण माझ्या कानात रंगाऱ्याचा आवाज बसलाय.

पडद्यावर काय दिसतं ते मला कळव. खरं खरं.

मामा


९ मार्च, संध्याकाळ

प्रिय बाळ,

टॅबवर टाइप करून माझी मान मोडली, पण तुला कळवल्याशिवाय राहवत नाही. आज दुकानात जाऊन तुझं पान बघितलं. पडद्यासमोर इतका वेळ उभी राहिले की तिथली मुलगी विचारायला आली, काकू, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, हे पान माझ्या लेकीने केलंय आणि शिड्या माझ्या भावाच्या. ती म्हणाली, "हो का?" आणि गेली. हल्ली कुणाला कशाचं कौतुक नाही.

चित्रं मोठी आणि छान आहेत. तुझ्या मामाचं ते वाक्य मात्र अर्ध्या पानावर पसरलंय. लहानपणापासून त्याला मोठ्याने बोलायची सवय.

लांब शिडी घेतली. त्यांच्या माणसाने घरी आणून तुकडे जोडून दिले आणि गेला. पुडीत दोन रबरी टोप्या होत्या. चित्रात बघितलेलं आठवून पाहिलं, पण तिथे नुसत्या पायऱ्याच दिसतात, ना वरचं टोक ना खालचं. मग म्हटलं, भिंतीला ओरखडे नकोत, आणि वरच्या बाजूला घातल्या. अगदी बरोब्बर बसल्या. तुझा मामा बारीकसारीक विचार करतो हो, उगाच नावं ठेवते मी त्याला.

उद्या सकाळी दिवाणखान्यातले पडदे काढून धुवायचे आहेत. पडद्याची दांडी उंच आहे, पण आता शिडी आहे.

तुझी आई


१० मार्च

मामा,

आत्ता फोनवर बोललो, पण "निघालो" म्हणून तुम्ही ठेवून दिलात, माझं निम्मं बोलणं राहिलं. उरलेलं लिहिते. मामी, हे त्यांना गाडीत वाचून दाखव.

आईचं कालचं पत्र मी आज उठल्यावर वाचलं. तेव्हापासून फोन करतेय. वाजतो, ती उचलत नाही. काम करताना ती कानातलं यंत्र काढून ठेवते. शेजारच्या घरात सगळे कामावर गेलेत, त्यांच्या दाराला कुलूप असणार. मी इथून निघाले तरी उद्या पोचेन. तुम्हीच जवळ आहात.

मामा, पडद्यावर पाय दिसत नाहीत. तुम्हाला पाठवलेलं चित्र फोनवरचं होतं. फोनवर पान लांब होतं, तिथे शिडी अख्खी मावते. पडद्यावर खण काठोकाठ भरायचा म्हटल्यावर फोटो मोठा झाला आणि लांब शिडीचं वरचं आणि खालचं टोक कापलं गेलं. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही पांढरं चालू देईनात, वाक्य कमी करू देईनात, आणि साहेबांची तारीख आली होती. म्हटलं, पाय कापले तर काय बिघडलं, चित्रच तर आहे. मग तुम्ही पुडीचं लिहिलंत आणि मला धडकी भरली. तरी खरं कारण सांगितलं नाही, नुसती चिठ्ठी चिकटवा म्हणाले. म्हणूनच फोन टाळत होते.

आता साहेबांना फोन लावते आणि त्यांनाही हेच सांगते. ती शिडी आत्ताच्या आत्ता सगळ्या दुकानांतून काढायला हवी.

आई चढली नसेल ना?

सोंगटी


१० मार्च

बाळा, मामी लिहितेय. ते एकटेच निघाले. मी चप्पल घालेपर्यंत गाडी फाटकाबाहेर. तुझं पत्र त्यांनी वाचलेलं नाही. जाताना फक्त एवढंच म्हणाले, "अक्का कधी कुणाची वाट बघते का?"

पोचल्यावर कळवायला सांगितलंय.


१० मार्च

मामी, दुपार झाली. मामांचा फोन वाजतोय, उचलत नाहीत. आईचा पण नाही. आता दोघंही उचलत नाहीत. तुला काही कळलं का? साहेबांनी शिड्या फळ्यांवरून उतरवल्या, ज्यांनी नेल्या त्यांना फोन करताहेत. मी गाडीत बसलेय. काहीही असलं तरी कळव. काहीही.


१० मार्च, रात्री

प्रिय बाळ,

मी ठीक आहे. आधी हे वाच, मग श्वास घे, मग पुढचं.

सकाळी शिडी भिंतीला लावून ठेवली होती. चढणार तेवढ्यात आठवलं, पडदे भिजवायला पाणी गरम करायला हवं. पाणी तापेपर्यंत बेडरूममधले पडदे काढले, ते खालचेच आहेत, आणि ढीग करून दिवाणखान्यात आणून टाकले. तेवढ्यात तुझा मामा दार ढकलून आत आला. घामाने निथळत, तोंड लाल. मला बघून काहीतरी ओरडला. कानात यंत्र नव्हतं. मला वाटलं चहा मागतोय. म्हटलं, बस, टाकते, आणि आत गेले.

नंतर कळलं की तो "शिडीला हात लावू नकोस" असं ओरडत होता.

मी आत चहा टाकत होते. याने शिडी बघितली, बूट वरच्या टोकांना बघितले आणि याचं डोकं फिरलं. आता बूट काढायचे तर शिडी आडवी करावी ना? एवढं तर मलाही कळतं. पण हा त्याच शिडीवर चढला, वर जाऊन बूट उपसायला. एक निघाला. दुसऱ्याला हिसका दिला आणि खालून शिडी सुटली. मला आवाज ऐकू आला नाही, बाळ. पायाखालची फरशी हादरली म्हणून बाहेर आले.

पडद्यांच्या ढिगावर पडला म्हणून डोकं वाचलं. डावा पाय घोट्यात मोडला आहे. डोळे मिटून पडला होता, हातात तो बूट घट्ट धरलेला. मी हाक मारली तर डोळे उघडून पहिलं वाक्य काय बोलला असेल? "अक्का, तू चढली नाहीस ना?" मग मात्र मला रडू आलं. लगेच यंत्र घालून दवाखान्यात फोन केला.

प्लास्टर घातलंय. तुझी मामीही आली आहे. तो आता झोपलाय. त्याचा फोन गाडीतच राहिला होता.

सावकाश ये. चालत्या गाडीतून घाईने उतरू नकोस. आजच्या दिवसाला एक मोडलेला पुरे.

तुझी आई


१५ मार्च

प्रिय सोंगटी,

तू दोन दिवस राहून गेलीस, पण समोर असताना आपण दोघंही हवापाण्याचं बोललो. म्हणून पुन्हा लिहून. अक्का मला उठू देत नाही आणि मामी टाइप करते आहे.

तुझं त्या दिवशीचं पत्र मी नंतर वाचलं. पुन्हा मला फोनवरचं चित्र दाखवून गप्प बसवलंस तर कान धरीन. हे तुझं झालं. पांढरं नको, वाक्य कमी करायचं नाही आणि बूट पुडीत, हे माझं. बाकी, चित्रातले पाय कापणं मोठं की शिडीचे बूट काढणं, याचा निवाडा तुझ्या आईकडे. ती दोघांनाही सोडत नाही.

बूट आता कारखान्यातच खिळ्यांनी पक्के बसवायचे. फळीत मावत नसेल तर शिडी तिरकी ठेवा, असं साहेबाला कळवलंय. त्याने का-कू केलं. मी म्हटलं, मग फळी कापा.

रंगारी भेटायला आला होता. पाय बघून म्हणाला, "मालक, मला गज तरी होते." फोटोवालाही आला. माझ्याकडे बघून इतका हसला की खुर्चीतून पडायला आला, आणि जाताना म्हणाला, "काळजी करू नका, प्लास्टर पक्कं आहे." तेवढी दोस्ती परत मिळाली.

(चादर मिळालेली नाही.)

आता एक काम. पान पुन्हा करते आहेस तर त्या वाक्यात थोडा फरक कर. "आजवर एकही गिऱ्हाईक पडलेलं नाही" असं लिही. ते खोटं नाही. मी काही गिऱ्हाईक नाही.

(लाज नाही.)

मामा


१७ मार्च

प्रिय मामा,

साहेबांना सगळं सांगितलं, तुमच्या पायासकट. बाकीच्या मालवाल्यांची पानं आता दुसऱ्याकडे गेली. रागावले नाहीत, फक्त आवाज थंड झाला. तुमच्यासारखे कान नसले तरी तेवढं मला ऐकू आलं. आपलं पान मात्र एकदा दुरुस्त करू दिलं. ज्यांनी शिड्या नेल्या होत्या त्या सगळ्यांकडे त्यांचा माणूस जाऊन आला. निम्म्या घरांत बूट वरच होते. कुणालाही लागलेलं नाही.

नवं पान आज चढलं. चित्र सोबत आहे. या वेळी मी आईला दुकानात पाठवून पडद्याचाच फोटो काढून घेतला. तिचं बोट कोपऱ्यात आलंय. लांब शिडीच्या दोन्ही बाजूंना पांढरं उरलंय, ते तुम्हाला खुपेल.

वाक्यात फरक केला नाही. काढून टाकलं. तेवढी उंची चित्रांना मिळाली, आणि लांब शिडी त्यात बुटांसकट बसली.

तुमची सोंगटी